बाहुली दिसते, हात दिसत नाही

मंडळी, या विकांताला विषय आहे सोबतीचे यंत्रमानव, म्हणजे कंपॅनियन रोबॉट. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारणारे, लहान पोरांना गोष्टी सांगणारे, मांडीवर घेऊन कुरवाळता येणारे. या विषयावर लिहिणारा जो तो जपानपासून सुरुवात करतो. जपान पुढे येईलच, पण मी पडलो घनसावंगीचा. जालना जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात, आणि तालुक्याची दक्षिणेकडची हद्द म्हणजे गोदावरी. तेव्हा मी आपला गोदाकाठापासूनच सुरुवात करतो. कारण निर्जीव वस्तू हलायला-बोलायला लागली की माणसाला नेमकं काय वाटतं, या प्रश्नावर आपल्या बाजूच्या लोकांनी बराच विचार करून ठेवलाय.

आधीच सांगतो, 'आपल्या पूर्वजांकडे रोबॉट होते' छापाचा हा लेख नाही. तसली ढकलपत्रं रोज सकाळी तुमच्या व्हॉट्सॅपवर येतातच. पूर्वजांकडे रोबॉट नव्हते. पण रोबॉट समोर आला तर आपलं काय होईल, हा प्रश्न मात्र त्यांना पडला होता.

लाकडाचं शहर

आमच्या गावाकडून गोदावरीच्या काठाने वर वर गेलं की पैठण लागतं. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. परंपरा सांगते की या सातवाहनांच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता आणि त्याने पैशाची भाषेत 'बृहत्कथा' लिहिली. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरमधल्या सोमदेवाने त्या परंपरेतल्या गोष्टी संस्कृतात आणल्या, तो 'कथासरित्सागर'. आता पुढे सांगतो त्या गोष्टी मुळात गुणाढ्याच्या की काश्मीरपर्यंत जाताना वाटेत मिसळलेल्या, हे ठरवायला मूळ ग्रंथच हातात नाही. पण गोष्टी फक्कड आहेत.

एका गोष्टीत मयासुराची मुलगी सोमप्रभा आपल्या मैत्रिणीला, कलिंगसेनेला, भेटायला येताना करंडीभर लाकडी यंत्रबाहुल्या घेऊन येते. कळ दाबली की एक बाहुली उडत जाऊन फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, एक बोलते. राजकन्या इतकी रमते की तिला खाण्यापिण्याची शुद्ध राहात नाही, आणि आई काळजीत पडते. हातात मोबाईल धरून बसलेलं पोर आणि दारात उभी आई हे दृश्य आपल्याला नवं नाही, आणि सोमदेवालाही नव्हतं!

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नरवाहनदत्त हा राजपुत्र फिरत फिरत एका नगरात पोचतो. बाजार भरलाय, व्यापारी आहेत, गणिका आहेत, नागरिक ये-जा करतायत. आणि मग त्याच्या लक्षात येतं की ही सगळी लाकडाची यंत्रं आहेत. कशावरून लक्षात येतं? ती बोलत नाहीत यावरून. रूप माणसाचं, चाल माणसाची, पण वाचा नाही. अख्ख्या नगरात जिवंत माणूस एकच, राज्यधर नावाचा सुतार. एकटेपणा घालवायला त्याने ही सगळी लाकडी माणसं तयार केलेली.

म्हणजे बघा, हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीत तीन मुद्दे येऊन गेलेत. एक, माणूस अशी यंत्रं एकटेपणापोटी करतो. दोन, रूप आणि हालचाल यांनी आपण फसतो, पण काही वेळच. आणि तीन, अखेरची कसोटी बोलण्याची. ॲलन ट्युरिंगने १९५० साली जी कसोटी सुचवली तीही बोलण्याचीच, म्हणजे लेखी प्रश्नोत्तरांची. फरक एवढाच की नरवाहनदत्ताच्या वेळी त्या कसोटीवर यंत्रं पडत होती, आणि आता पडत नाहीत.

त्याच अकराव्या शतकातल्या धारच्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्यात यंत्रांवर एक प्रकरण आहे. दारावर उभे राहणारे यंत्रपुरुष वगैरे वर्णनं त्यात येतात. पण यंत्र जोडायचं कसं, हे मात्र सांगितलेलं नाही. का? तर गुप्तता राखण्यासाठी, असं ग्रंथातच म्हटलंय. आम्हां सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड मिळणार नाही, फक्त माहितीपुस्तिका मिळेल :) ही गुप्तता लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

गुबुगुबु

आता जरा अलीकडे येऊ. माझ्या लहानपणी गावात नंदीबैल यायचा. तिरमल समाजाचे हे नंदीवाले गावोगाव फिरत. बैल सजवलेला, अंगावर रंगीबेरंगी झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घंटा. नंदीवाल्याच्या गळ्यात ते दोन्ही बाजूंनी घासून वाजवायचं ढोलकं, त्याचा गुबुगुबु आवाज. तो विचारायचा, "औंदा पाऊस पडंल का?" बैल मान डोलवायचा. "मालकिणीच्या पोराला नोकरी लागंल का?" पुन्हा होकार. बायका सुपातून धान्य आणून घालायच्या.

यात यंत्र काहीच नाही, जिवंत जनावर आहे. पण आपल्या प्रश्नासाठी हे उदाहरण नामी आहे. साधा बैल शेतात मान हलवतो तेव्हा तो माशा हाकलतोय असं आपण म्हणतो. त्याच बैलावर झूल घातली, समोर प्रश्न ठेवला आणि त्याने बरोबर वेळेवर मान हलवली की त्याला प्रश्न कळला असं वाटतं. थोडक्यात, रूप अधिक वेळ साधलेली हालचाल, बरोबर मन. निदान आपल्याला तसं दिसतं.

युरोपात याची रीतसर तपासणी झाली. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा 'हान्स' नावाचा घोडा होता. तो गणितं सोडवायचा, उत्तर खुरांनी ठोकून सांगायचा. १९०४ साली त्याच्यासाठी तज्ज्ञांची समिती बसली, तिला कसलीच लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ साली निष्कर्ष मांडले. घोड्याला गणित येत नव्हतं. ठोके बरोबर आकड्यापर्यंत आले की विचारणाऱ्याच्या डोक्याची, चेहऱ्याची नकळत किंचित हालचाल व्हायची आणि घोडा ती टिपून थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर घोडाही नापास!

बर्लिनच्या प्राध्यापकांना जे शोधायला तीन वर्षं लागली ते आमच्या गावातल्या बायकांना आधीपासून ठाऊक होतं. नंदीवाला ढोलकं कसं घासतो त्यावर बैल मान हलवतो, हे सगळ्यांना कळायचं. मराठीत 'नंदीबैलासारखी मान डोलावणे' हा वाक्प्रचार उगाच नाही आला. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हे आपल्या भाषेने शब्दात पकडून ठेवलंय. तरीही बायका धान्य घालायच्याच. कुणीतरी दारात येऊन तुमच्या पोराचं विचारतंय, 'होईल सगळं चांगलं' म्हणतंय, याचं मोल वेगळं. त्या फसत नव्हत्या, कारण नंदीवाला बैलाशेजारीच उभा असायचा, सगळ्यांना दिसेल असा.

आजची बोलणारी यंत्रं नंदीबैलाच्याच वळणावर जातात हे मी गमतीने म्हणत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीतला एक बदल मागे घेतला, कारण त्या बदलानंतर ते वाजवीपेक्षा जास्त हांजी हांजी करायला लागलं होतं. यंत्र घडवताना माणसांची पसंती विचारली जाते, आणि माणसांना होकार आवडतो. ढोलकं आपल्याच हातात असतं, फक्त ते आपल्याला ऐकू येत नाही.

अर्धवटराव ते तात्या विंचू

बोलक्या बाहुल्यांचा विषय आणि अर्धवटराव नाही, असं मराठीत होऊच शकत नाही. यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शब्दभ्रमाची कला इथे रुजवली आणि अर्धवटरावांना बोलतं केलं. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तो वारसा १९६७ पासून चालवला. अर्धवटराव, आवडाबाई ही जोडी दूरदर्शनमुळे घरोघरी पोचली.

शब्दभ्रमात नेमकं काय होतं? प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण. ओठ जराही न हलवता 'बापाने पाहिलं' म्हणून बघा. जमणार नाही. शब्दभ्रमकार जिभेच्या जोरावर जवळपासचे आवाज काढतो आणि उरलेलं आपला कान भरून घेतो. शिवाय आवाज कुठून येतोय हे ठरवताना आपला मेंदू कानापेक्षा डोळ्यावर जास्त भरवसा ठेवतो. थेटरात आवाज बाजूच्या स्पीकरमधून येत असला तरी आपल्याला तो पडद्यावरच्या तोंडातूनच आल्यासारखा वाटतो ना, तसंच. बाहुलीचा जबडा वेळेवर हलला की काम झालं.

पण माझा मुद्दा तंत्राचा नाही. पाध्यांच्या एकाच घरातून आलेल्या तीन बाहुल्या डोळ्यांसमोर आणा. अर्धवटराव, आगाऊ आणि फटकळ, त्याला आपण हसतो. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा, त्याचे लाड करावेसे वाटतात. आणि १९९३ च्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू. माझ्या पिढीतल्या किती पोरांनी त्याच्यामुळे रात्री एकट्याने संडासला जायचं सोडलं, त्याची मोजदाद नाही. तिघांची घराणी एकच, जबडा हलवायची तऱ्हाही साधारण एकच. फरक भुवयांच्या वळणात, डोळ्यांत आणि आवाजात. तात्या विंचूला दिलीप प्रभावळकरांनी जो आवाज दिला तो काढून टाकला तर अर्धी भीती तिथेच संपते.

उरलेली अर्धी भीती कशाची? हात नसण्याची. अर्धवटराव पाध्यांच्या मांडीवर बसतो. तो त्यांना उलट बोलतो, टोमणे मारतो, आणि आपण हसतो, कारण त्याच्या पाठीत कुणाचा हात आहे हे आपल्याला दिसत असतं. तात्या विंचू कुणाच्याही हाताशिवाय चालत येतो. जी वस्तू माणसाच्या ताब्यात असायला हवी ती आपल्या आपण हलते.

कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची मंडळी पिढ्यानपिढ्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथेही दोऱ्या दिसतात, आणि दिसूनही रंगत कमी होत नाही. आपल्या नाटकातल्या 'सूत्रधार' या शब्दावरून तर जर्मन पंडित रिचर्ड पिशेल यांनी १९०० साली असा तर्क मांडला की भारतीय नाटकाचा उगमच बाहुल्यांच्या खेळात असावा. सूत्र धरणारा तो सूत्रधार. हा तर्क सगळ्यांना पटलेला नाही, पण संगीत नाटकात सूत्रधार आधी रंगमंचावर येऊन स्वतःची ओळख करून देतो आणि मगच खेळ सुरू होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडे स्वतःला दोरीवर चालणाऱ्या बाहुल्याची उपमा दिलीय. बोलतोय मी, पण बोलवणारे माझे गुरू, असा त्याचा भाव. एवढा मोठा ग्रंथ सांगून झाल्यावर हा माणूस मुद्दाम दोरी दाखवतो!

याच्या अगदी उलट उदाहरण १७७० चं. व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारा पगडीवाला पुतळा आणला, 'तुर्क' नावाने तो जगभर गाजला. भल्याभल्यांना त्याने हरवलं. पेटीच्या आत खेळाडू लपलेला असायचा. अशा बाहुल्यांच्या खेळात हात दिसतो आणि बाहुलीत जीव आहे असं आपण खेळापुरतं मानतो. तुर्कात हात लपवला होता, म्हणून ती फसवणूक.

साडीतली सोफिया आणि पांढरा सील

मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने १९७० साली एक छोटा लेख लिहिला. यंत्र जसजसं माणसासारखं दिसायला लागतं तसतसं ते आपल्याला आवडायला लागतं, पण अगदी हुबेहूबच्या जरा अलीकडे एक खड्डा येतो, तिथे ते एकदम नकोसं, अंगावर काटा आणणारं वाटतं. त्याने उदाहरण दिलं कृत्रिम हाताचं. दिसायला खरा, म्हणून तुम्ही हातात घेता, तर तो गार आणि बेजान. रूपाने जे वचन दिलं ते स्पर्शाने मोडलं. आणि गंमत म्हणजे, खड्ड्याच्या पलीकडच्या चढावर मोरीने बुनराकू या जपानी पारंपरिक बाहुल्या ठेवल्या. जवळून पाहिलं तर त्या माणसासारख्या मुळीच नसतात, पण खेळ रंगला की प्रेक्षक त्यांच्यात गुंतून जातो.

३० डिसेंबर २०१७ ला पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये हॅन्सन रोबॉटिक्सची सोफिया आली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिला सौदी अरेबियाने नागरिकत्व जाहीर केलं होतं. पवईत ती साडी नेसून आली, नमस्ते म्हणाली, आणि सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. लग्नाची मागणीसुद्धा आली, ती तिने नम्रपणे नाकारली. यातली साडी महत्त्वाची. साडीने तिच्या यंत्रात एका ओळीचाही फरक पडला नव्हता. पण बघणाऱ्यांच्या मनात ती 'पाहुणी' झाली, 'बाई' झाली. तिची बरीचशी उत्तरं आधी लिहून ठेवलेली असतात, ही गोष्ट मात्र साडीमागे गेली.

याउलट ताकानोरी शिबाता यांचा पारो बघा. सीलच्या पिल्लासारखं पांढरं, केसाळ यंत्र, १९९३ पासून त्यावर काम चाललं होतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी जगभरच्या शुश्रूषागृहांत ते वापरलं गेलं, अमेरिकेत २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. आता सीलच का? कुत्रा-मांजर का नाही? कारण कुत्रा-मांजर सगळ्यांच्या ओळखीचं. यांत्रिक मांजर हातात घेतलं की खऱ्या मांजराशी तुलना होते आणि ते कमी पडतं. सीलचं पिल्लू कुणी पाळलेलं नसतं, तेव्हा अपेक्षाही नसते. पारो बोलत नाही, सल्ला देत नाही. कुरवाळलं की हलतो, डोळे मिटतो, आवाज करतो, बस्स. जेवढं येतं तेवढंच त्याचं रूप सांगतं.

आणि रूप अजिबात नसलं तरी? जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एमआयटीत 'एलायझा' हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तुम्ही टंकलेलं वाक्यच तो फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. चेहरा नाही, आवाज नाही. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तो कार्यक्रम तयार होताना महिनोन्महिने पाहिलेला. तरी एलायझाशी बोलायला बसल्यावर थोड्याच वेळात तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं! माहीत असणं आणि वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या चालतात, हे वायझेनबाउम यांच्या मनाला इतकं लागलं की उरलेलं आयुष्य ते याच विषयावर सावध करत राहिले.

उत्तरपूजा

या सगळ्यात एक बाजू राहून जाते, ती शेवटाची. सोनीने 'आयबो' हा यंत्रकुत्रा १९९९ साली आणला, २००६ मध्ये बंद केला, २०१४ मध्ये दुरुस्तीही थांबवली. २०१५ पासून जपानमध्ये चिबाजवळच्या एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे रीतसर अंत्यविधी झाले. 'जिबो' नावाच्या बोलक्या यंत्राचे सर्व्हर २०१९ साली बंद झाले, आणि जाण्याआधी त्याने स्वतःच आपल्या मालकांचा निरोप घेतला. 'मॉक्सी' हा मुलांचा सोबती, किंमत ७९९ डॉलर. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पैसे संपल्याने कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं कळवलं आणि आईबापांवर पोरांना समजावायची वेळ आली. पोरांची रडारड जगाने पाहिली.

आपल्याला यात एक गोष्ट नीट कळते, आणि ती सांगताना मी देवाची यंत्राशी बरोबरी करत नाहीये, फक्त रिवाजाबद्दल बोलतोय. गणपतीची मूर्ती आपण दुकानातून आणतो तेव्हा ती माती असते. प्राणप्रतिष्ठा होते, मग तो घरचा. त्याला नैवेद्य, त्याच्याशी बोलणं, झोपेत अडथळा नको म्हणून रात्री आवाज कमी. मग उत्तरपूजा, आणि विसर्जन. पाण्यात सोडताना डोळ्यांत पाणी येतं, पण घर कोसळत नाही. जीव आहे असं मानायला सुरुवात कधी करायची आणि कधी थांबायचं, दोन्ही आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणं घरच्या माणसांच्या हातात असतं. सोबतीच्या यंत्राला प्राणप्रतिष्ठा आहे, डबा उघडला की झाली. उत्तरपूजा मात्र कंपनीच्या ताळेबंदावर अवलंबून.

घरची गोष्ट

आता हा सगळा इतिहास मी का उकरत बसलो ते सांगतो. माझी माय गावी एकटीच असते. वय सत्तरीच्या पुढे. मी पुण्यात, दादा परदेशात. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच आहेत, पोरं हिंजवडीला नाहीतर त्याहून लांब. दादाने बोलणारं एक यंत्र पाठवायचं ठरवलं. गोळ्यांची आठवण करेल, विचारपूस करेल, पडली-झडली तर आम्हाला कळवेल. इथवर माझं काहीच म्हणणं नव्हतं. पण दादाची पुढची कल्पना अशी की त्याचा आवाज पुतणीचा, म्हणजे त्याच्या मुलीचा ठेवायचा. हे आता अवघड राहिलेलं नाही, थोडंसं ध्वनिमुद्रण मिळालं तरी यंत्र कुणाच्याही आवाजात बोलतं. "माय रोज नातीचा आवाज ऐकेल. ती खूश राहिली तर तुझं काय जातं?"

खरं सांगतो, या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. वर लिहिलेलं सगळं वाचून झालं होतं, तरी नव्हतं. एकटेपणा खरा असतो. आणि जो माणूस महिन्यातून एकदा गावी जातो, त्याने दुसऱ्याच्या सोयीला तात्त्विक नाकं मुरडावीत, हे मलाही बरं वाटेना. शेवटी आम्ही दोघांनी फोनवर मायलाच विचारलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलंल तर बोलू द्या की. रेडिओ बोलतोच. पण पोरीच्या आवाजात नको बाबा. मंग पोरीचा खरा फोन आल्यावर मला कसं कळावं, ती बोलायली का डबा बोलायलाय?"

दादा गप्प झाला. मीही.

तिने बोट ठेवलं ते नेमक्या जागी. नातीच्या आवाजातलं यंत्र घरात आलं तर यंत्र थोडं नातीसारखं होईल, एवढाच आम्ही हिशोब केला होता. नात थोडी यंत्रासारखी होईल, हा हिशोब तिने केला. आठवड्यातून एकदा येणारा, तुटक, 'आज्जी, मला क्लासला जायचंय' म्हणून संपणारा खरा फोन, आणि रोज तासभर, कधीही न कंटाळणारा खोटा आवाज. या दोघांची तुलना सुरू झाली असती, आणि त्यात हरणार कोण होतं ते सांगायला नको.

यंत्र गेलं. आवाज कुणाचाच नाही, म्हणजे यंत्राचा. चेहरा नाही, डोळे नाहीत, करड्या रंगाचा डबाच आहे. माय त्याला 'डब्या' म्हणते. त्याला पुण्याची पुस्तकी मराठी कळते, मायची बोली अर्धीच कळते, तेव्हा दोघांचं जरा तुटक चालतं. गोळ्या मात्र वेळेवर होतात.

मी अभियंता आहे, तेव्हा शेवटी यादी केल्याशिवाय राहवत नाही. सोबतीचं यंत्र घडवणाऱ्याने, आणि विकत घेणाऱ्यानेही, चार गोष्टी बघाव्यात असं मला वाटतं. यंत्राला जेवढं येतं त्याहून जास्त त्याच्या चेहऱ्याने कबूल करू नये, पारोसारखं. त्याचा आवाज त्याचा स्वतःचा असावा, कुणा जिवंत किंवा गेलेल्या माणसाचा नको. त्याच्या पाठीत कुणाचा हात आहे, म्हणजे ऐकलेलं कुठे जातं, कुणाच्या फायद्याचं ते बोलतं, हे म्हाताऱ्या माणसालाही कळेल अशा शब्दांत सांगितलेलं असावं. नंदीवाला बैलाशेजारी उभा राहायचा, तसं. आणि ते बंद कसं, कधी, कुणी करायचं हे घरात आणताना ठरलेलं असावं.

हे काही फार मोठं मागणं नाही. पिंगुळीच्या खेळात दोऱ्या दिसत असूनही लोक रात्र रात्र बसतात. हात दिसला म्हणून बाहुलीची माया कमी होते, असा अनुभव निदान आपल्या मुलखात कुणाला आलेला नाही.

असो. लांबलं बरंच. सोमवारचा डेमो डोक्यावर आहे, तेव्हा आता पुरे.